पाच खांबांची दोरी

१

चुन्याच्या हौदात आधी दिसलं ते लुगड्याचं टोक. हिरवं होतं म्हणून दिसलं. बाकी सगळं पांढरं झालं होतं.

भिलाईच्या कॅम्पात, खोल्यांच्या शेवटच्या रांगेमागे नव्या क्वार्टरांचं बांधकाम चालू होतं. ठेकेदाराने तिथे माणूसभर खोल हौद खणून त्यात कळीचा चुना विझवायला घातला होता. १९६० सालचा डिसेंबर होता. सकाळी आठच्या सुमाराला धुकं विरळ झालं आणि ठेकेदाराचा मुन्शी ओमप्रकाश चुना बघायला गेला. त्याच्या ओरडण्याने अख्खी रांग मागच्या दारी आली.

चौघांनी मिळून बाई बाहेर काढली. चुना आतून अजून गरम होता. चेहऱ्याकडे कुणी दुसऱ्यांदा पाहिलं नाही. लुगड्यावरूनच ओळख पटली. अकरा नंबरच्या खोलीतली गिरजाबाई, पुंडलिकची आई.

"भटकली असन," कुणीतरी म्हणालं. "बुढीचं ध्यान तरी कुठं होतं ठिकानावर!"

पुंडलिक रात्रपाळीहून सात वाजता आला होता. आई खाटेवर नाही हे कळल्यापासून तो कॅम्पभर तिला शोधत होता. तो गुडघ्यांवर बसला आणि आपल्या मफलरने आईच्या कपाळावरचा चुना पुसू लागला. चुन्याबरोबर कातडी आली, तेव्हा लोकांनी त्याचा हात धरला. त्याची बायको हिरा मागच्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती पुढे आली नाही आणि रडलीही नाही. हे सगळ्यांनी पाहिलं.

बारा नंबरमधले श्यामराव गर्दीत होते, पण त्यांची पाठ प्रेताकडे होती. ते अकरा नंबरच्या दारापासून संडासापर्यंत गेलेल्या दोरीकडे बघत होते. दोरी जागेवर होती. तिचे पाचही खांब जागेवर होते.

"धोंडबा," ते आपल्या मुलाला हळूच म्हणाले, "ही बाई भटकून नाही मेली. तिले कोनतरी इथं आनलं."

२

धोंडबाने वडिलांचं बोलणं मनावर घेतलं नाही, आणि त्याला कारण होतं. श्यामराव रेल्वेत चाळीस वर्षं सिग्नल खात्यात होते, इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले होते. पण गेल्या वर्षापासून त्यांचंही काहीतरी निसटू लागलं होतं. जेवून उठले की जेवण मागत. दोनदा दुसऱ्याच्या खोलीत शिरून चपला काढून बसले होते. हल्ली ते खिशात वही ठेवत आणि जे पाहिलं ते लगेच लिहून घेत.

गिरजाबाई त्यांच्या पुष्कळ पुढे गेलेली होती. नवरा आमगावजवळच्या रेल्वे फाटकावर होता. तो गेल्यावर पुंडलिकने तिला भिलाईला आणलं. कॅम्पात चाळीस खोल्या, सगळ्या एकसारख्या. ती कुठल्याही घरात शिरून कणीक मळायला बसायची. लोक हसायचे, मग हाकलायचे. ओमप्रकाशचा तर तो खेळच झाला होता. "अम्मा, घर इधर है," म्हणून तो तिला उलट्या दिशेला पाठवायचा आणि मजूर बघत बसायचे.

पुंडलिक कारखान्यात ओतकामाचे लाकडी साचे करणारा सुतार. त्याने महिनाभर आईकडे नुसतं बघितलं आणि मग खोली बदलायला घेतली. दाराला झगझगीत पिवळा रंग दिला. आरसा काढून टाकला, कारण आरशातली म्हातारी बघून ती तिला भाकरी द्यायची आणि ती घेत नाही म्हणून रडायची. जाग आल्या आल्या मागचं दार दिसेल अशी खाट फिरवली. एकदा काळं तरट पुढच्या दारात पडलं होतं. गिरजाबाई तिथे येऊन थबकली आणि "विहीर आहे" म्हणून मागे फिरली. पुंडलिकने ते तरट तिथेच खिळवून टाकलं. त्या दिवसापासून ती रस्त्यावर गेली नाही. उलट संडासाची पायरी त्याने पांढरीफेक रंगवली, कारण पांढऱ्यावर ती बिनधास्त पाय टाकायची.

आणि दोरी. मागच्या दारापासून तीन खांब सरळ, तिथून डावीकडे वळून दोन खांब, मग संडासाची चौकट. चौकटीवर दोरीच्या टोकाला सागवानी मूठ. पाचला घड्याळाचा गजर झाला की गिरजाबाई उठायची, टमरेल डाव्या हातात घ्यायची, उजव्या हाताने दोरी धरायची. मूठ हाताला लागली की टमरेल खाली ठेवायची आणि पुढे पायरीवर पाय टाकायची. दीड वर्षात एकदाही चुकली नव्हती.

टाउनशिपच्या एका इंजिनिअरने हे पाहिलं आणि कामगारांच्या म्हाताऱ्या आईबापांसाठी अशा चार खोल्यांचा नकाशा पुंडलिककडून काढून घेतला. एका खोलीवर धोंडबाने वडिलांचं नाव सांगून ठेवलं होतं.

म्हणूनच श्यामराव इतके बेचैन झाले होते. गाड्यांच्या अपघातांची चौकशी करताना ते नेहमी एकच गोष्ट आधी विचारत. ड्रायव्हरला दिसलं काय? ड्रायव्हर मूर्ख नसतो, जे दिसतं त्यावर तो गाडी चालवतो.

त्यांनी वहीत लिहिलं, 'गिरजाबाईले काय दिसलं?' आणि ते ओमप्रकाशकडे गेले.

३

ओमप्रकाश विटांच्या ढिगावर बसून बिडी ओढत होता.

"हमारा कोई कसूर नहीं, बाबूजी," तो विचारण्याआधीच म्हणाला. "बुढ़िया खुद आई."

"हौदावर फळ्या कावून नव्हत्या?"

"थे. कल शाम को थे. सबेरे बाजू में पड़े मिले."

"कोनी सरकवल्या?"

"हमको क्या मालूम? इतना मजूर है, कोई भी उठा लेता है।" त्याने नजर चुकवली. "वो खंबा-डोरी के वास्ते मेरा झगड़ा हुआ था, सबको मालूम है. ट्रक घुमाने को जगा नहीं रहता. लेकिन झगड़ा अलग, जान लेना अलग।"

श्यामरावांनी लिहून घेतलं. मग विचारलं, "तुले आधी काय दिसलं? लुगडं?"

"नहीं. डब्बा."

"कोनता डबा?"

"वही, संडास वाला. हौद के किनारे पर था. मैंने उसकी बहू को दे दिया।"

"पडला होता?"

"नहीं, सीधा रखा था. पानी भी पूरा भरा था।"

श्यामरावांची पेन्सिल थांबली.

तोल जाऊन पडणाऱ्या माणसाच्या हातातलं टमरेल सोबत पडतं, सांडतं. हे सरळ उभं होतं, काठोकाठ भरलेलं. म्हणजे गिरजाबाई पडली नव्हती. तिने रोजच्यासारखं टमरेल खाली ठेवलं होतं आणि रोजच्यासारखा पुढे पाय टाकला होता.

ती संडासापाशी पोचली आहे, असं तिला वाटलं होतं. आणि तसं तिला एकाच गोष्टीने वाटत असे. हाताला लागलेल्या मुठीने.

४

श्यामराव दोरीच्या कडेने खांब बघत चालू लागले. खांब पुरून झाल्यावर पुंडलिकने ते खालपर्यंत चुन्याने रंगवले होते, अंधुक उजेडातही दिसावेत म्हणून. पहिल्या तीन खांबांचा पांढरा रंग थेट मातीला टेकलेला होता.

चौथ्या खांबाला पांढऱ्या रंगाखाली तीन बोटं कोरं लाकूड दिसत होतं. पाचव्यालाही.

त्यांनी चौथ्या खांबाला हात लावून हलवून पाहिलं. माती भुसभुशीत होती. हे दोन खांब कुणीतरी उपटले होते आणि परत लावताना तेवढे खोल गेले नव्हते. तिसऱ्या खांबापासून डावीकडे संडास पंधरा पावलांवर. उजवीकडे चुन्याचा हौद, तोही पंधरा पावलांवर. दोरी तेवढ्याला तेवढी पुरत होती.

श्यामराव खाली बसले.

संध्याकाळी अंधार पडल्यावर कुणीतरी फळ्या सरकवल्या, दोन खांब उजवीकडे नेले, मूठ हौदाच्या काठावर बांधली. पहाटे पाचला, काळोखात आणि धुक्यात, गिरजाबाई मुलाच्या दोरीला धरून निघाली. खाली काळं दिसलं असतं तर ती थांबली असती. खाली पांढरं दिसलं.

आणि काम झाल्यावर कुणीतरी येऊन खांब आणि दोरी होती तिथे परत लावून टाकली.

अकरा नंबरसमोर जीप थांबल्याचा आवाज आला. दुर्गहून हवालदार बाबुलाल आला होता. श्यामराव वळसा घालून पोचले तेव्हा तो हिराला जीपमध्ये बसायला सांगत होता.

"सास को खटिया से बाँधती थी ये," बाबुलाल म्हणाला. "मारती भी थी. रात को घर में अकेली यही थी. और क्या चाहिए?"

हिराने नाकारलं नाही.

५

"अर्धा घंटा दे मले," श्यामरावांनी बाबुलालला सांगितलं. बाबुलालने म्हाताऱ्याकडे पाहिलं, समोरच्या टपरीकडे पाहिलं आणि चहा प्यायला गेला.

हिरा चुलीपाशी बसली होती. पंचविशीची असेल, चाळिशीची दिसत होती.

"बांधत होती तू तिले?"

"होय, काकाजी. लुगड्यानं. दुपारी." तिचा आवाज सपाट होता. "दिवसभर एकच गोष्ट इचारायची. मी कोन, म्हनून. मोलकरीन समजायची मले. अंगावर भात फेकायची. ते येतेत, दोरी बांधतेत, रंग देतेत, लोक वाहवा करतेत. मंग ते जातेत ड्युटीवर. धुवायचं मलेच राहते."

"मारलं?"

"दोनदा." ती थांबली. "तीनदा."

"हे हवालदाराले कोनं सांगतलं?"

"रांगेत सगळ्याईले ठाव आहे."

"पहाटे काय झालं?"

"घड्याळ वाजलं. ती उठली. मी झोपली होती."

"घड्याळ आयकलं, ती उठलेली आयकली, आन् झोपली होती?"

हिराने चुलीतलं लाकूड आत सरकवलं. चूल पेटलेली नव्हती. "झोपली होती," ती पुन्हा म्हणाली. हे वाक्य तिला कुणीतरी पढवलं आहे, असं श्यामरावांना वाटलं. तसं त्यांनी लिहिलंही.

पुंडलिक पुढच्या खोलीत भिंतीला टेकून बसला होता. समोर चार खोल्यांचा नकाशा टाचलेला होता.

"काकाजी, तुम्ही कावून तरास घेऊन राहिले?" तो मऊपणे म्हणाला. "माय गेली. आता कोनाले काय सांगून फायदा?"

"हिराले नेऊन राहिले ते."

"काय करू मी?" त्याने डोळे मिटले. "नशीब माझं."

नकाशाशेजारी एक टाइप केलेला कागद होता. श्यामराव वाचू लागले. ट्रेनिंगसाठी रशियाला पाठवायच्या कामगारांची यादी. पुंडलिकचं नाव तिसरं. मुदत एक वर्ष, निघायचं जानेवारीच्या दहा तारखेला.

"मायले कोन पाहनार होतं?"

"बळीरामदादा."

"गोंदियाले? तो हो म्हनाला?"

"म्हनला असता."

टपरीवरून बाबुलालची हाक आली. अर्धा तास संपला होता.

६

"हवालदारसाहेब, जीपमध्ये बसवायच्या आधी एक वस्तू पाहा," असं म्हणत श्यामराव सगळ्यांना संडासाच्या चौकटीपाशी घेऊन आले. बाबुलाल कंटाळलेला होता. ओमप्रकाश हातात पहार घेऊन आला होता. हिरा आणि पुंडलिक मागे होते. त्यांच्या मागे रांगेतली माणसं जमली.

श्यामरावांनी वही बघत बघत टमरेलाचं सांगितलं, खांबांचं सांगितलं. ओमप्रकाशने स्वतः जाऊन चौथ्या खांबाला हात लावून पाहिला आणि मागे सरला.

"खांब कोनीबी उपटन," श्यामराव म्हणाले. "पन मूठ? मूठ हाताले लागल्याबिगर बुढी टमरेल ठेवत नव्हती, पाय टाकत नव्हती. म्हंजे मूठ हौदावर न्यावीच लागली. आता ही काढून दाखवा."

बाबुलालने मूठ ओढली, पिळली, हलवली. ती चौकटीत अशी बसली होती की जणू लाकडातूनच उगवली होती. खिळा नाही, स्क्रू नाही. ओमप्रकाशनेही जोर लावून पाहिला.

"हिरा, तू काढ."

हिराने दोन्ही हातांनी प्रयत्न केला. हलली नाही.

"तोड़ देते हैं," ओमप्रकाश म्हणाला आणि पहारेचं टोक मुठीच्या बुडाशी लावलं.

"थांब!"

पुंडलिक पुढे आला होता. "सागवान आहे ते. तोडू नको." त्याने मूठ अंगठ्याने खाली दाबली, डावीकडे पाव फेरा दिला आणि ओढली. बारीक टक आवाज झाला. मूठ दोरीसकट त्याच्या हातात आली. श्वास घ्यावा एवढा वेळ लागला असेल.

"पाहा," तो म्हणाला. "काय आहे यात?"

श्यामरावांनी ती त्याच्या हातातून घेऊन उलटी धरली. बाहेरून स्वच्छ पुसलेली होती. आतल्या खाचेत मात्र चुना भरला होता. गिरजाबाई आत गेली तेव्हा काठावर उडालेला, आणि आता कडक झालेला.

"ही मूठ हौदाच्या काठावर होती," श्यामराव म्हणाले. "आन् न मोडता काढून, न मोडता परत बसवता येनारा मानूस या कॅम्पात एकच आहे. त्यानं काल सांजच्याले ड्युटीवर जायच्या आधी खांब फिरवले. पहाटे पाचले बुढी गेली तवा तो कारखान्यात होता, गेटावर त्याची नोंद असन. साहाले सुटला. सायकलनं वीस मिनिटं. घरी आला सातले. मधली चाळीस मिनिटं कुठं होता, पुंडलिक?"

७

पुंडलिक चिडला नाही. उलट त्याचा चेहरा कळवळला.

"काकाजी, खांब मीच रंगवले ना? तवाच मुठीत चुना गेला. आन् पावसानं माती बसली म्हनून मीच खांब परत ठोकले, महिना झाला." तो बाबुलालकडे वळला. "साब, बुरा मत मानिए. इनका दिमाग अब ठीक नहीं रहता. माँ जैसा ही शुरू हुआ है." मग त्याने श्यामरावांच्या खांद्यावर हात ठेवला. "काकाजी, आज वार कोनता?"

श्यामरावांचा हात खिशाकडे गेला.

"वही नाही पाहायची. अशीच सांगा. वार कोनता? महिना?"

श्यामराव उभे राहिले. ओठ हलले. गर्दीत कुणीतरी हसलं.

"बरं, माझं नाव सांगा."

"तू..." श्यामराव म्हणाले. नाव क्षणापूर्वी तिथे होतं. त्यांनी मुलाकडे पाहिलं. धोंडबाने मान खाली घातली.

"चला, घरी सोडतो," पुंडलिक प्रेमाने म्हणाला आणि त्यांचा दंड धरला.

बाबुलाल हसू दाबत हिराकडे वळला. "चल बाई, बैठ गाड़ी में. तेरे घरवाले ने मेरे आते ही सब बता दिया था. खटिया से बाँधना, मारना, सब. मैं तो खाली चाय पीने रुका था."

हिरा चालता चालता थांबली.

"कोनं सांगतलं?"

"तेरे आदमी ने. और किसने?"

हिराने पुंडलिककडे पाहिलं. पुंडलिकने श्यामरावांचा दंड सोडला.

"मी झोपली नव्हती," हिरा म्हणाली. ती मोठ्याने बोलत नव्हती, पण ऐकू सगळ्यांना गेलं. "ती दाराबाहेर गेली, लवकर आली नाही, म्हनून मी मागच्या दारी गेली. धुकं होतं. थंडी होती. मी म्हनलं, बसली असन. बसू दे. मी चूल पेटवली. साडेसाहाले पुन्हा पाहिलं, तं हे खांबापाशी. पायानं माती दाबून राहिले होते. मले पाहून आत आले आन् म्हनले, तू झोपली होती, काही पाहिलं नाही. चूल इझव. मी इझवली."

"हिरा," पुंडलिक म्हणाला.

"मीच म्हनलं होतं ह्याईले. तुम्ही रशियाले गेले तं मी या बुढीसंगं एकटी राहनार नाही, विहीर जवळ करीन. बळीरामदादाचं पत्र आलं, आमच्याकडे जागा नाही. मी म्हनलं, मंग काहीतरी करा. मले वाटलं, कुठं आश्रमात टाकतीन." ती हवालदाराकडे वळली. "मारलं मी. बांधलं बी. त्याची सजा द्या मले. पन ती दोरी मी कधी हातात नाही घेतली. त्या दोरीले ती मले हात लावू देत नव्हती. माह्या लेकाची आहे, म्हने."

आता कुणी हसत नव्हतं. पुंडलिकने आजूबाजूला पाहिलं आणि बाबुलालला समजावून सांगावं तसं बोलू लागला, जणू एखाद्या साच्याबद्दलच बोलतोय.

"तिले काही समजलं नसन. मी आधी पाहून घेतलं होतं. हौदावर फळ्या होत्या तवा दोनदा मूठ तिकडे बांधून तिले चालवली. हात धरून नाही, मी नुसता मागं. दोन्ही वेळा टमरेल ठेवलं आन् पाय टाकला. फळीवर उभी राहून मले म्हने, बाबू, पायरी मोठी केली काय?" त्याने कपाळ पुसलं. "यादीतलं नाव गेलं असतं तं परत आलं नसतं, साब. चौदा जनांत माझा नंबर लागला होता. ती तं मले ओळखत बी नव्हती."

ओमप्रकाशच्या हातातली पहार खाली पडली.

८

खटला दुर्गच्या कोर्टात उभा राहिला तो पुढच्या जूनमध्ये. तोवर यादीत पुंडलिकच्या जागी दुसरा सुतार रशियाला गेला होता. चार खोल्यांचा नकाशा कुणीतरी गुंडाळून ठेवला आणि त्या जागेवर सायकल स्टँड झालं. हिरा माहेरी राहत होती. माहेरचे तिच्याशी बोलत नव्हते, जेवायला तेवढं वाढत होते. साक्षीला ती एकटीच आली, काही न चुकता सगळं सांगितलं आणि कुणाकडे न बघता निघून गेली.

श्यामरावांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं तेव्हा धोंडबाने त्यांना धुतलेला कोट घातला होता. वकिलाने वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उघडली, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि परत दिली.

"ये आपका लिखा हुआ है?"

"अक्षर चांगलं आहे," श्यामराव म्हणाले.

वकिलाने पुढे काही विचारलं नाही. जन्मठेप झाली ती हिराच्या साक्षीवर.

निकालानंतर श्यामराव बाहेरच्या व्हरांड्यात बाकावर बसले होते. धोंडबा पाणी आणायला गेला होता. दोन शिपाई पुंडलिकला घेऊन निघाले आणि गाडी यायला वेळ होता म्हणून त्याच बाकाशी थांबले. श्यामराव सरकले. पुंडलिक उभाच राहिला.

"बस ना, पोरा," श्यामराव म्हणाले. त्याच्या बेड्यांकडे त्यांनी वाकून पाहिलं. "हे कावून बांधलं तुले?"

पुंडलिकने भिंतीकडे तोंड केलं. महिनाभर खटला चालला तेव्हा त्याने एकदाही मान खाली घातली नव्हती.

"कोनीच नाही आलं तुह्यासंगं?" श्यामरावांना खरोखर वाईट वाटत होतं. "माय कुठं आहे तुही?"

शिपायांनी एकमेकांकडे पाहिलं.

"येईन, येईन ती," श्यामराव त्याच्या हातावर हात ठेवून म्हणाले. "मायले बराबर सापडते आपलं पोरगं. तू नको घाबरू."

पुंडलिक भिंतीला धरून खाली बसला. शिपायांनी त्याला काखेत धरून उचललं आणि जवळजवळ ओढतच गाडीकडे नेलं. गाडीत चढेपर्यंत त्याच्या तोंडातून एक आवाज येत होता, त्यात शब्द नव्हते.

धोंडबा पाण्याचा पेला घेऊन परत आला. श्यामराव अजून फाटकाकडे बघत होते.

"कोनाचा होता रे तो?" त्यांनी विचारलं. "चांगल्या घरचा वाटला."

धोंडबाने पेला त्यांच्या हातात दिला आणि त्यांची बोटं त्याभोवती नीट मिटवली.